दारात सोडलेली खुर्ची

विमानाच्या दाराशी पोचलं की मला माझ्या खुर्चीतून एका अरुंद, हात नसलेल्या खुर्चीवर सरकावं लागतं. आईल चेअर म्हणतात तिला. सरकून झालं की मी पहिल्यांदा माझ्या खुर्चीतली उशी उचलून मांडीवर घेते. मग कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना बसवलेले गार्ड उपसते, खुर्ची मागे कलंडू नये म्हणून लावलेली दोन बारकी चाकं काढते आणि सगळं कापडी पिशवीत भरते. शेवटी पाठीच्या कापडावर चिकटवलेला कागद नीट बसलाय ना, ते हाताने चाचपून बघते. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: पाठ इथून दुमडते, चाकं मधलं बटण दाबून निघतात, कृपया वर काही ठेवू नका. शेजारी बाण काढून चित्रही असतं, कारण खाली सामान चढवणाऱ्या माणसाला कुठली भाषा वाचता येते हे मला माहीत नसतं.

मग कोणीतरी खुर्ची उचलतो आणि एअरोब्रिजच्या कडेच्या लोखंडी जिन्याने खाली नेतो. ती दिसेनाशी होईपर्यंत मी मान वळवून बघत राहते. मणक्याला मार लागून मला सोळा वर्षं झाली, त्यातली चौदा वर्षं मी विमानाने जाते आहे. तरी या घटकेला पोटात गोळा यायचा तो येतोच.

बाकीच्यांना हे सांगून कळतं असं नाही. व्हीलचेअर म्हणजे व्हीलचेअर, विमानतळावर पन्नास उभ्या असतात, त्यातली एक घ्यायची, असं लोकांना वाटतं. माझ्या खुर्चीची बैठक माझ्या कमरेच्या मापाची आहे. पाठ किती उंच, पाय किती खाली, चाकांचा आस किती पुढे, हे सगळं मोजून घेतलेलं आहे, आणि त्यात बोटभर फरक पडला तरी संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात. विमानतळाची खुर्ची म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा. शिवाय तिची मागची चाकं बहुधा लहान असतात, हाताने फिरवता येतील अशी कडी त्यांना नसते. तिच्यात बसलं की मला स्वतःहून वीतभरही हलता येत नाही. पाणी प्यायला जाता येत नाही, खिडकीशी जाता येत नाही. ढकलणारा जिथे थांबवेल तिथे, तो ज्या दिशेला तोंड करून ठेवेल त्या दिशेला बघत बसायचं.

म्हणून चेक-इन काउंटरवरची पहिली झटापट ही असते. तिथली माणसं म्हणतात, "ताई, तुमची खुर्ची इथेच द्या, आम्ही सामानासोबत पाठवतो, तुम्ही आमच्या खुर्चीत बसा." त्यांना ते सोयीचं असतं, आणि त्यांच्या बोलण्यात वाईट काही नसतं. पण स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत नेता येते, आणि उतरताना ती दारातच परत मिळावी अशी मागणी करता येते, हे कितीतरी प्रवाशांना कोणी सांगितलेलंच नसतं. मलाही पहिल्या तीन प्रवासांत माहीत नव्हतं. आता मी टॅग लावून घेते आणि त्यावर दारात परत द्यायची आहे अशी नोंद माझ्या डोळ्यांसमोर करून घेते. दोन मिनिटांचं काम असतं, पण उतरल्यावरचा तास त्याच्यावर अवलंबून असतो.

तिकिटासोबत आमची एक खूण पडते. चार अक्षरांची. डब्ल्यूसीएचआर म्हणजे ज्यांना जिना चढता येतो, स्वतःच्या सीटपर्यंत जाता येतं, पण विमानतळावरचं लांब अंतर चालवत नाही असे. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना जमत नाही, पण विमानात आत गेल्यावर सीटपर्यंत पावलं टाकता येतात असे. आणि डब्ल्यूसीएचसी म्हणजे मी, जिला थेट सीटपर्यंत न्यावं लागतं. शेवटच्या अक्षरात सगळा फरक आहे: रॅम्प, स्टेप्स, केबिन. अंध प्रवाशासाठी बीएलएनडी, कर्णबधिरासाठी डीईएएफ, बौद्धिक अपंगत्व असणाऱ्यासाठी डीपीएनए. जगभरच्या विमान कंपन्या हीच अक्षरं वापरतात. तिकीट काढताना, निदान 48 तास आधी, आपलं अक्षर नेमकं कळवावं हे मी प्रत्येकाला सांगते. कारण नुसतं व्हीलचेअर हवी एवढंच सांगितलं तर बहुतेक वेळा आर पडतो, आणि मग दारात आईल चेअरही नसते आणि उचलायला माणसंही नसतात. माझ्यावर ती वेळ आली आहे. सगळं विमान भरून बसलेलं आणि मी दारात, आणि वॉकीटॉकीवर आवाज: "एक व्हीलचेअर राहिलीय, सी आहे, आर टाकलाय."

एक व्हीलचेअर राहिलीय. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे. बोलणारा दमलेला असतो, घाईत असतो, त्याच्या मनात काही नसतं हे मला कळतं. एका माणसाला दोन दोन खुर्च्या एकदम ढकलताना मी पाहिलं आहे, एक पुढे आणि एक मागे ओढत. तरीसुद्धा ते कानाला लागतं, कारण त्याच्या पुढचा प्रसंग ठरलेला असतो. माझा एकोणीस वर्षांचा भाचा कधी कधी सोबत असतो. मी समोर बसलेली असताना माणूस माझ्या डोक्यावरून भाच्याला विचारतो, "त्यांना चालता येतं का? त्यांना पाणी हवंय का? त्यांचा पासपोर्ट कुठेय?" पहिल्या वेळी पोरगा गोंधळला आणि उत्तरं देत सुटला. आता तो एवढंच म्हणतो, "मावशीलाच विचारा ना." शांतपणे म्हणतो. समोरचा माणूस दचकून खाली बघतो आणि बहुतेक वेळा तिथून पुढे सगळं सुरळीत होतं.

मला या सेवेबद्दल एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. मदत करण्याआधी ज्याला मदत हवी त्याला विचारा. लिफ्ट, रॅम्प, खुर्चीसकट विमानाच्या दारापर्यंत वर उचलणारी अँबुलिफ्टची गाडी, सगळं असूनही हा एक प्रश्न नसेल तर माणसाचं सामान होतं. आणि यातलं काहीच धड नसताना तो प्रश्न असेल तर मी चार जणांच्या हातांवरून जिना उतरून गेले आहे आणि मला काही कमी वाटलेलं नाही.

माझी एक मैत्रीण अंध आहे. पांढरी काठी घेऊन एकटी कामावर जाते, रस्ते ओलांडते, जिने चढते. विमानतळावर तिला हवं असतं ते एक कोपर. वाट दाखवणाऱ्याने अर्धं पाऊल पुढे चालायचं, हिने त्याचं कोपर धरायचं, एवढंच. तिच्या तिकिटावर बीएलएनडी असतं, तरी दर वेळी समोर व्हीलचेअर येते. एकदा तिने बसायला नकार दिला तर तिला सांगण्यात आलं, "बसला नाहीत तर काही झालं तर जबाबदारी आमची नाही." विमान चुकेल म्हणून ती बसली. तिला गेटपाशी नेऊन ठेवलं आणि माणूस "आलोच" म्हणून गेला. चाळीस मिनिटं. घोषणा होत होत्या, गेट बदललं का हे तिला विचारायला कोणी नव्हतं. शेवटी शेजारच्या एका बाईंनी तिला हलकेच सांगितलं की तिची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली आहे. हे मला सांगताना ती रडली नाही, रागावलीही नाही. "मला भिंत दिसत नाही म्हणून काय झालं," एवढंच म्हणाली. मला मात्र ती भिंत अजून दिसते.

दुसरी एक गोष्ट वरचेवर कानावर येते, आणि तिच्याबद्दल माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. चढताना व्हीलचेअर मागणारे पंधरा-वीस जण, आणि उतरल्यावर त्यातले निम्मे तुरुतुरु चालत जातात, असं लोक सांगतात. खोटे कुठले, म्हणतात. रांग चुकवायला मागतात, म्हणतात. काही जण तसे असतीलही, आणि त्यांच्यामुळे खुर्ची आणि माणूस कमी पडला की मला आणि माझ्यासारख्यांना बसून राहावं लागतं, हेही खरं. पण आर हे अक्षर आहेच मुळी चालता येणाऱ्यांसाठी. गुडघे दुखणाऱ्या आजींना घरात वावरता येतं, दोन किलोमीटरचा कॉरिडॉर चालवत नाही. हृदयाचं ऑपरेशन झालेल्याकडे बघून काहीच कळत नाही. आणि कितीतरी वयस्क माणसं व्हीलचेअर मागतात ती पायांसाठी नाहीच. मुलाकडे पहिल्यांदा परदेशी निघालेल्या बाईंना पाट्या वाचता येत नाहीत, पुढच्या विमानाचं गेट कसं शोधायचं कळत नाही, कोणाला विचारायची भीती वाटते. त्यांना सोबत हवी असते, आणि सोबत मिळवायचा एकच रस्ता त्यांना कोणीतरी सांगितलेला असतो. त्यांना खोटं ठरवण्यापेक्षा नुसती सोबत मिळण्याची सोय केली तर खुर्च्या आपोआप मोकळ्या होतील. न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी लंडनच्या गॅटविक विमानतळाने 2016 मध्ये हिरव्या फितीवर सूर्यफुलं छापून ती गळ्यात घालायला दिली. आता ती अनेक देशांतल्या विमानतळांवर ओळखतात. ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईला दर काउंटरवर मुलाची कहाणी सांगत बसावं लागत नाही, गळ्यातली फीत बघून समोरचा माणूस आपणहून आवाज खाली आणतो. ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते.

तपासणीबद्दल थोडक्यात. धातू शोधणाऱ्या चौकटीतून मी जाऊ शकत नाही, कारण खुर्चीच धातूची आहे. म्हणून हाताने तपासतात, खुर्चीच्या चाकांवर कापडाची पट्टी फिरवून यंत्रात घालतात. बाईची तपासणी बाईनेच करायची, आणि बंद खोलीत करा असं मागता येतं. "जरा उभ्या राहा" असं मला अजून सांगितलं जातं. मी म्हणते, राहता येत नाही. पुन्हा विचारतात, "थोडा वेळ पण नाही?" थोडा वेळ पण नाही.

आता आतली गोष्ट. एकाच आईलच्या विमानात दोन बाजूंच्या सीटांमधली वाट खालच्या बाजूला जेमतेम 15 इंच, म्हणजे 38 सेंटिमीटर असली तरी नियमात बसते. माझी खुर्ची बाहेरून मोजली तर साठ सेंटिमीटरच्या वर भरते. म्हणून ती आईल चेअर: एक फळी, चार चाकं आणि पट्टे. छातीवर पट्टा, मांडीवर पट्टा, पोटऱ्यांवर पट्टा. हात छातीशी आवळून धरायचे, नाहीतर दोन्हीकडच्या सीटांना कोपरं घासतात. माणूस मला उलटं ओढत नेतो. सहसा आम्हाला सगळ्यांच्या आधी चढवतात, त्यामुळे विमान रिकामं असतं. उशीर झाला की भरलेल्या विमानातून तसंच बांधलेलं जावं लागतं. तेव्हा मी समोरच्या पडद्याच्या एका घडीकडे बघत राहते.

सीटपाशी पोचल्यावर आईलकडचा हात वर करायचा असतो, म्हणजे मला आडवं सरकता येतं. अमेरिकेत 30 किंवा जास्त सीटांच्या विमानांत आईलकडचे निदान निम्मे हात असे वर होणारे असावे लागतात. पण त्याची कळ बाहेर दिसत नाही. हाताच्या खालच्या बाजूला, मागे बिजागरीजवळ बोटाला लागेल अशी लपलेली असते. कितीतरी वेळा केबिन क्रूमधल्या मुलीने मला सांगितलं आहे की हा हात वर होत नाही, आणि मी माझं बोट तिथे घालून तो वर केला आहे. त्यांचा चेहरा उजळतो. "अय्या, हे आम्हाला माहीतच नव्हतं," म्हणतात, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कोणासाठी तरी त्यांना ते माहीत असेल या विचाराने मला बरं वाटतं.

हात वर झाला नाही तर उचलावं लागतं. एक माणूस मागून, माझे हात छातीवर घडी घालून माझी मनगटं धरतो. दुसरा गुडघ्यांखाली. काखेत हात घालून ओढायचं नाही, हे मी आधी सांगते. माझे खांदे हेच आता माझे पाय आहेत, ते निखळले तर घरात पलंगावरून उतरताही येणार नाही. आणखी एक गोष्ट सांगते, ती मी पडून शिकले. दोघांनी "एक, दोन, तीन" म्हटलं. मागच्याने तीन म्हणताना उचललं, पुढच्याने तीन म्हणून झाल्यावर. त्या अर्ध्या सेकंदात मी सीटच्या हातावर आपटले. मला कमरेखाली दुखत नाही, त्यामुळे काय झालं ते रात्री आरशात बघितल्यावर कळलं, आणि ती जखम भरायला सात आठवडे गेले. तेव्हापासून दोघं तयार झाले की मी थांबवते आणि विचारते, "तीनवर उचलणार की तीन झाल्यावर?" दोघं एकमेकांकडे बघतात. कधी हसतात. मग ठरवतात.

उशीचंही सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. माझी उशी हवेच्या छोट्या कप्प्यांची आहे. ती असते म्हणून बसून बसून कातडी फाटत नाही. विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीइतका नसतो, साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा ठेवलेला असतो. तेवढ्याने उशीतली हवा फुगते. कप्पे टणक होतात आणि मी त्यांच्यात बसायच्या ऐवजी त्यांच्यावर बसते, नेमकं जे टाळायचं तेच. मला खाली जाणवत नाही, म्हणून विमान वर स्थिरावलं की हात खाली घालून चाचपायचं, झडप सैल करून थोडी हवा सोडायची, आणि उतरल्यावर पुन्हा भरायची. छोटा पंप माझ्या पर्समध्ये असतो. पहिल्या लांबच्या प्रवासात हे मला कोणी सांगितलं असतं तर एक महिना पालथं पडून काढावा लागला नसता.

आणि पाणी. खूप वर्षं मी प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नसे. माझ्या ओळखीतले बहुतेक व्हीलचेअरवाले हेच करतात, कारण विमानातल्या स्वच्छतागृहात आम्हाला जाता येत नाही. दोन आईलच्या मोठ्या विमानात निदान एक मोठं स्वच्छतागृह आणि आत फिरवायची खुर्ची असते, ती तिकीट काढतानाच विचारून घ्यावी. एका आईलच्या विमानांसाठी असा नियम अमेरिकेने 2023 मध्ये केला, पण तो लागू होणार 125 किंवा जास्त सीटांच्या नव्या विमानांना, तीही 2033 नंतर मागवलेली किंवा 2035 नंतर हाती आलेली. मी हिशेब केला तेव्हा बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले होते. तोवर तहान मारायची, असं आमच्यातले कित्येक जण गृहीत धरून चालतात. माझ्या डॉक्टरांनी एकदा मला समोर बसवून सांगितलं की असं पाणी तोडण्याने मूत्रपिंड जातील, आणि न हलणाऱ्या पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढेल. तेव्हापासून मी कॅथेटर आणि पायाला बांधायच्या पिशवीची सोय करून जाते, घट्ट मोजे घालते, आणि पाणी पिते. हे लिहिताना संकोच वाटतो. पण ज्या कोणाला आज हे वाचून उद्याच्या प्रवासात घोटभर पाणी पिता येईल, त्या माणसासाठी लिहिते.

आम्हाला विमानात बसता येतं ते कोणाच्या मेहेरबानीने नाही, हे समजायला मला वेळ लागला. अमेरिकेत मणक्याला दुखापत झालेल्या माजी सैनिकांची संघटना याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेली होती. जून 1986 मध्ये न्यायालयाने सांगितलं की अपंगांविरुद्धच्या भेदभावाला बंदी करणारा तेव्हाचा कायदा विमान कंपन्यांना सरसकट लागू होत नाही. हरल्यावर तीन-सव्वातीन महिन्यांत, ऑक्टोबर 1986 मध्ये, त्यांनी नवा कायदा करून घेतला. युरोपने 2006 मध्ये नियम केला आणि मदतीची जबाबदारी कंपनीवरून काढून विमानतळ चालवणाऱ्यावर टाकली, प्रवाशाकडून त्याचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत असंही त्यात आहे. आणि आपल्याकडे जीजा घोष. फेब्रुवारी 2012 मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या या बाईंना, त्या सीटवर बसलेल्या असताना, विमानातून खाली उतरवण्यात आलं. त्या अपंगांच्या हक्कांवरच्या परिषदेला निघाल्या होत्या. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि मे 2016 मध्ये न्यायालयाने विमान कंपनीला सांगितलं की त्यांना दहा लाख रुपये भरपाई द्या. 2022 मध्ये नियम आणखी स्पष्ट झाले: अपंगत्वाच्या कारणावरून कंपनीला प्रवासी नाकारता येत नाही, आणि वाटेत तब्येत बिघडेल अशी शंका असेल तर डॉक्टरांनी प्रवाशाला प्रत्यक्ष तपासल्यावरच निर्णय घ्यायचा. काउंटरवर कोणी "तुम्हाला एकटीला नेता येणार नाही" म्हणालं की मला जीजाताईंची आठवण होते आणि माझा आवाज आपोआप स्थिर होतो.

कायद्याला खुर्चीची किंमत मात्र अजून नीट कळलेली नाही. पाच वर्षांपूर्वी एका प्रवासात माझी खुर्ची परत आली तेव्हा पुढचं डावं चाक धरून ठेवणारा काटा वाकलेला होता. खुर्ची सारखी डावीकडे ओढत होती. दारात आणून देणारा मुलगा म्हणाला, "चालतेय ना पण?" चालत होती. कामासाठी तीन दिवस गेले होते, ते तीन दिवस मी डाव्या हाताने जास्त जोर लावून ती सरळ ठेवली आणि तळहाताला फोड घेऊन आले. तक्रार तिथेच, विमानतळ सोडायच्या आत, खराब झालेल्या सामानाच्या काउंटरवर लिहून द्यावी हे मला माहीत होतं. निदान सात दिवसांच्या आत लेखी द्यावीच लागते. भरपाईचं गणित तिथे कळलं. आंतरराष्ट्रीय प्रवासात 1999 चा माँट्रियल करार लागू होतो, आणि त्याच्या दृष्टीने माझी खुर्ची हे सामानच. एका प्रवाशाच्या सामानाची भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर 2024 अखेर वाढवली ती 1,519 एसडीआरपर्यंत. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं माप, डॉलरमध्ये ही रक्कम दोन हजारांच्या आसपास जाते. बॅटरीवर चालणारी, पाठ कलती होणारी खुर्ची घ्यायची तर याच्या कितीतरी पट पैसे लागतात. चेक-इनच्या वेळी खुर्चीची खरी किंमत लिहून घोषित केली तर मर्यादा वाढते, म्हणून तो कागद मागून घ्यावा. अशा किती खुर्च्या खराब झाल्या याचे आकडे अमेरिकेत डिसेंबर 2018 पासून कंपन्यांना सरकारला द्यावे लागतात. 2023 या एका वर्षात 11,527 व्हीलचेअर आणि स्कूटर तिथे मोडल्या, हरवल्या किंवा उशिरा पोचल्या. मी आकडा वाचला तेव्हा अकरा हजार माणसं विमानाच्या दारात बसून राहिलेली मला दिसली.

मोडण्याची कारणं फार गूढ नाहीत. काही विमानांच्या मालकप्प्याचं दार मीटरभरही उंच नसतं, आणि शंभर किलोच्या वरची बॅटरीची खुर्ची त्यातून उभी जात नाही. मग ती आडवी करतात. चाकं मोकळी करायची कळ कुठे आहे हे कोणाला ठाऊक नसतं, मग ओढतात.

हे सगळं टाळायचा एक सरळ उपाय आहे: माणसाने आपल्याच खुर्चीत बसून प्रवास करायचा. विमानातल्या सीटला पुढच्या दिशेने 16 जीचा, म्हणजे वजनाच्या सोळापट, धक्का सोसावा लागतो, म्हणून आजवर हे अशक्य म्हणत. पण मोटारगाडीत अडकवून बसता येईल अशा ज्या व्हीलचेअरची धडकेची चाचणी होते, ती 20 जीच्या आसपासच्या धक्क्याची असते. अमेरिकेतल्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञान संस्थेच्या समितीने 2021 मध्ये अभ्यास करून सांगितलं की तांत्रिकदृष्ट्या यात न ओलांडता येण्यासारखं काही दिसत नाही. 2023 मध्ये जर्मनीत हॅम्बर्गला विमानाच्या अंतर्भागाच्या प्रदर्शनात एक सीट मांडली होती, तिची बैठक वर दुमडली की त्या जागी व्हीलचेअर अडकवता येते. त्या सीटचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. मुलांचे फोटो ठेवावेत तसा ठेवलाय.

तोवर सगळ्यांत आधी चढायचं आणि सगळ्यांत शेवटी उतरायचं. विमान थांबलं की सगळे एकदम उठतात, वरचे कप्पे उघडतात, आणि पंधरा मिनिटांत तीनशे माणसांचा गलका नाहीसा होतो. मग मी एकटी. सफाईवाले येतात, माझ्या रांगेपाशी आले की थबकतात. कोणी हसून बघतं, कोणी नजर चुकवून पुढे जातं. उशांचे अभ्रे काढले जातात, पट्टे पुन्हा घडी करून ठेवले जातात. एकदा मी पासष्ट मिनिटं तशी बसले होते. पुढची क्रू चढली तरी मी तिथेच.

गेल्या महिन्यात परतीच्या प्रवासात मी घाईत होते. चढताना पाऊस होता, दारात गर्दी झाली आणि पिशवी भरताना माझ्याकडून उजवीकडचा गार्ड काढायचा राहून गेला. विमान वर गेल्यावर आठवलं. तो नुसता खोबणीत बसवलेला असतो, खुर्ची तिरपी केली की निसटतो, आणि निसटला की मालकप्प्याच्या कुठल्या कोपऱ्यात जाईल सांगता येत नाही. तो नसला की कपडे चाकात जातात. सबंध वाट मी त्याचाच विचार करत होते.

उतरताना आईल चेअर घेऊन दोघं आले. पुढचा मुलगा वाकून माझ्या डोळ्यांच्या पातळीला आला आणि म्हणाला, "ताई, तुम्हाला कसं उचललेलं बरं पडतं ते सांगा." मी सांगितलं. तीनवर की तीन झाल्यावर, ते त्याने स्वतःच विचारलं. दारात आलो तर खुर्ची उभी होती, दोन्ही चाकं बसवलेली, ब्रेक लावलेले. उजवा गार्ड खोबणीतून काढून बैठकीच्या नळीला आडवा ठेवला होता, आणि त्याच्याभोवती सामानाला लावायची लाल-पांढरी चिकटपट्टी तीन वेढे देऊन घट्ट गुंडाळली होती. पट्टीचं शेवटचं टोक, ओढलं की सहज सुटावं म्हणून, आतल्या बाजूला दुमडलेलं होतं.

मी मुलाला विचारलं की हे कोणी केलं. त्याने वॉकीटॉकीवर खाली विचारलं. विमान रिकामं करून तिथले लोडर दुसऱ्या विमानाकडे गेले होते, आणि चढवताना ज्याने गुंडाळलं असेल तो तर आम्ही निघालो त्याच विमानतळावर, दीड हजार किलोमीटर मागे, पावसात.

मी उशी खुर्चीत ठेवली, सरकले, हवा भरली. गार्ड तसाच राहू दिला. घरी पोचेपर्यंत उजवीकडची ओढणी मांडीखाली दाबून ठेवली आणि पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी सोडवली.